उतरत्या किमतींचे भय कोणाला?

कॅनडात जुन्या घरांच्या खरेदीविक्रीचा बाजार गेली तीन-चार वर्षे थंडावलेला आहे, आणि स्थावर मालमत्तेच्या दलालांची राष्ट्रीय संघटना महिन्याच्या मध्यास आपले आकडे प्रसिद्ध करते तेव्हा तेथील वृत्तपत्रे व बँकांचे अर्थशास्त्रज्ञ ज्या सुरात त्यांची चर्चा करतात, तो सूर बहुधा चिंतेचा असतो. विक्री घटली तर बाजार दुबळा, किमती उतरल्या तर परिस्थिती बिकट, आणि एखाद्या महिन्यात दोन्ही किंचित वर सरकल्या तर सुधारणेची चिन्हे, अशी या चर्चेची परिभाषा ठरून गेली आहे. पण त्याआधीची दहा वर्षे याच वृत्तपत्रांनी, घरे सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर गेली, टोरांटो आणि व्हँकूव्हर या नगरांत नोकरी करणाऱ्या तरुणास तेथे बिऱ्हाड थाटणे अशक्य झाले, अशी तक्रार आपल्या स्तंभांतून अखंड चालविली होती, आणि ती तक्रार सर्वथा रास्त होती. ज्या वस्तूची महागाई हे राष्ट्रीय संकट मानले गेले, तिची स्वस्ताई सुरू होताच तेही संकटच कसे ठरते, हा प्रश्न कॅनडाबाहेरच्या वाचकास पडल्यावाचून राहत नाही.

याचे कारण घर या वस्तूच्या द्विविध स्वरूपात आहे. ज्वारी स्वस्त झाली म्हणजे विकत घेऊन खाणारा सुखावतो आणि पिकविणारा हवालदिल होतो. दोघांचे हित परस्परविरुद्ध असले तरी माणसे निदान वेगळी असतात, आणि कोण कोणत्या बाजूचा हे ओळखू येते. घराच्या बाबतीत विकत घेणारा आणि विकून नफा मिळविणारा हे पुष्कळदा एकच कुटुंब असते, फक्त त्याच्या आयुष्यातील दोन टप्प्यांवर. पंचविशी-तिशीत ज्याला किमती उतराव्यात असे वाटते, त्यालाच पन्नाशीत त्या चढाव्यात असे वाटू लागते. आणि २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडातील शंभरांपैकी सुमारे सहासष्ट कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असल्यामुळे मतपेटीत कोणत्या इच्छेचे वजन अधिक पडते, हे निराळे सांगावयास नको. माझे म्हणणे असे की, हा थंडावा म्हणजे कॅनडावर कोसळलेली आपत्ती नाही. आपत्ती होती ती त्याआधीची तेजी, आणि आज जे भोगावे लागत आहे ते तिचे उशिरा वसूल होत असलेले देणे आहे. ते देणे कोणी किती भरावे याविषयी राज्यकर्त्यांनी अवश्य विचार करावा. परंतु ते मुळी भरावेच लागू नये म्हणून बाजारास पुन्हा ऊब देण्याचा जो मोह त्यांना होत आहे, तो आवरला पाहिजे.

प्रथम घडले काय ते पाहू. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या धक्क्याने बँक ऑफ कॅनडाने आपला मूळ व्याजदर पाव टक्क्यावर आणला आणि तो दोन वर्षे तेथेच राहू दिला. इतके स्वस्त कर्ज हाती आल्यावर, आणि घरी बसून काम करावयाचे असल्याने एक खोली अधिक हवी अशी गरज निर्माण झाल्यावर, माणसे घरांवर तुटून पडली. २०२१ साली जुन्या घरांचे सुमारे ६ लाख ६७ हजार व्यवहार झाले, जो त्या देशातील उच्चांक होता, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये देशातील घराची सरासरी किंमत ८ लाख १६ हजार डॉलरांवर पोहोचली. त्याच वसंत ऋतूपासून वारे फिरले. महागाई आटोक्यात आणण्यासाठी मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून दर चढविण्यास आरंभ केला, जुलै २०२२ मध्ये तर एकाच बैठकीत पूर्ण एक टक्क्याची वाढ केली, आणि जुलै २०२३ पर्यंत तो दर पाच टक्क्यांवर नेऊन ठेवला. व्यवहारांची संख्या २०२२ मध्ये सुमारे पाच लाखांवर व २०२३ मध्ये ४ लाख ४३ हजारांच्या आसपास उतरली. पुढे जून २०२४ पासून दर पुन्हा खाली येऊ लागले, ऑक्टोबर २०२५ अखेर ते सव्वादोन टक्क्यांवर आले. तरीही बाजारात जुनी धग परतली नाही आणि २०२५ साली सरासरी किंमत साडेसहा ते सात लाखांच्या दरम्यान घोटाळत राहिली. त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेने आयात शुल्काची तलवार उगारली आणि नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसाने पंचवीस वर्षांचे कर्ज अंगावर घेण्याचे टाळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका महिन्यात विक्री जवळजवळ दहा टक्क्यांनी घटली, ती याच भयापोटी.

या सरासरीच्या आकड्याकडे मात्र जपून पाहिले पाहिजे. टोरांटो आणि व्हँकूव्हर येथील महागडी घरे एखाद्या महिन्यात कमी विकली गेली, तर देशातील एकाही घराची किंमत न उतरता राष्ट्रीय सरासरी उतरू शकते. म्हणूनच एकाच प्रतीच्या घराची किंमत कालक्रमाने मोजणारा निराळा निर्देशांक तेथे ठेवतात. शिवाय कॅनडाचा बाजार हा एक बाजारही नाही. ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबिया या दोन महागड्या प्रांतांत थंडावा खोल मुरला असताना क्यूबेक शहरात व अल्बर्टातील एडमंटन येथे किमती चढतच होत्या. म्हणजे जेथे तेजी अतिरेकास गेली होती तेथेच उतार तीव्र आहे. एखाद्या देशव्यापी अरिष्टाचे हे लक्षण दिसत नाही.

जुन्या घरांचा बाजार थंडावतो म्हणजे किंमत एकदम कोसळते, अशी कल्पना शेअरबाजारावरून करून घेणे चुकीचे आहे. घरांच्या बाजारात किंमत ही सर्वांत शेवटी हलणारी गोष्ट. आरंभी घटतात ते व्यवहार, कारण विकणाऱ्याच्या मनात शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी मिळविलेला भाव घर करून बसलेला असतो आणि त्याहून कमी घेणे त्याला स्वतःचा अपमान वाटतो. मग विक्रीस काढलेली घरे महिनोन् महिने पडून राहतात, काही परत घेतली जातात, काही भाड्याने दिली जातात, आणि नोकरीची बदली, घटस्फोट, वारसांमधील वाटणी अशा अटळ कारणांनी ज्यांना विकणे भागच असते त्यांचे व्यवहार प्रथम उतरत्या भावाने होऊन तोच पुढे इतरांचा भाव ठरतो. बाजारात नव्याने आलेल्या शंभर घरांमागे किती विकली गेली, हे गुणोत्तर तेथील जाणकार पाहतात. ते पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान असले म्हणजे बाजार समतोल, त्याखाली गेले म्हणजे घेणाऱ्याचा बाजार. टोरांटो परिसरात २०२५ साली ते त्या मर्यादेच्या स्पष्टपणे खाली गेले.

घेणाऱ्याच्या बाजाराचे एक हितकारक अंग असे आहे की त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. तेजीच्या काळात टोरांटोत घर घेणे म्हणजे काय होते, हे ज्यांनी अनुभवले त्यांना विचारावे. विक्रेत्याने ठरविलेल्या एका संध्याकाळी दहा-पंधरा इच्छुकांनी मोहोरबंद देकार द्यावयाचे, इतरांचा देकार किती आहे हे कोणासही कळावयाचे नाही, आणि आपला देकार वरचढ ठरावा म्हणून घराची तपासणी करून घेण्याची व कर्ज मंजूर होण्याची अट खरेदीदारानेच आपल्या हाताने खोडून टाकावयाची. आयुष्यातील सर्वांत मोठा करार माणसाने पुढ्यातील भिंतीत ओल आहे की नाही हे न पाहता करावा, अशी ही रीत होती. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारला या घाईवर उपाय म्हणून जानेवारी २०२३ पासून, सही केल्यावरही तीन कामकाजाच्या दिवसांत अल्प दंड भरून खरेदीदारास माघार घेता येईल, असा कायदा करावा लागला. बाजार थंडावताच हे सारे कायद्याच्या सक्तीवाचूनही बऱ्याच अंशी जागेवर आले. तपासणीची अट परत आली, कर्जमंजुरीची अट परत आली, आणि इसार देण्यापूर्वी घर दोनदा पाहून घरी जाऊन विचार करण्याची सवड माणसास मिळू लागली.

कॅनडातील गृहकर्जाची घडण समजून घेतल्यावाचून या थंडाव्याची गती समजत नाही. अमेरिकेत तीस वर्षांचे कर्ज एकाच ठरीव व्याजाने मिळते. कॅनडात कर्जाची फेड पंचवीस वर्षांची असली तरी व्याजाचा करार बहुधा पाच वर्षांचाच असतो आणि मुदत संपली की चालू दराने तो नवा करावा लागतो. या पाच वर्षांच्या प्रघाताचे मूळ १८८० च्या एका जुन्या कायद्यात आहे, ज्याने पाच वर्षांनंतर तीन महिन्यांचे व्याज भरून गहाण सोडविण्याचा हक्क कर्जदारास दिला. त्यामुळे त्याहून लांब मुदतीचा दर बांधून देण्यात सावकारास स्वारस्य उरले नाही. याचा परिणाम असा की २०२१ साली ज्याने दरसाल दर शेकडा दोन या व्याजाने सहा लाख डॉलर घेतले, त्याचा मासिक हप्ता सुमारे २,५४० डॉलर होता. पाच वर्षांनी साडेचार टक्क्यांनी करार नवा करताना, मुद्दल जवळजवळ लाखभर डॉलरांनी फिटलेली असूनही, हप्ता सुमारे ३,१७० डॉलर होतो. त्या पाच वर्षांत पगार सव्वापट झाला असेल तर गोष्ट निराळी. न झाला असेल तर हा फरक मुलांच्या शिकवणीतून, गावी जाण्याच्या प्रवासखर्चातून आणि म्हातारपणच्या शिलकीतून निघतो.

तथापि या व्यवस्थेत एक शहाणपणाही होता. २०१८ पासून कॅनडातील बँक-नियामकाने असा दंडक घातला की, कर्जदाराची ऐपत प्रत्यक्ष व्याजदरावर न मोजता त्याहून दोन टक्क्यांनी अधिक दरावर मोजावी. पुढे जून २०२१ पासून किमान मोजमाप सव्वापाच टक्क्यांचे ठरले. त्या वेळी दलालांनी आणि बांधकाम व्यावसायिकांनी या दंडकास तरुणांच्या मार्गातील धोंड म्हटले होते. आज तोच बँकांचा आणि पुष्कळ अंशी त्या तरुणांचाही तारक ठरला आहे. दर पाच टक्क्यांवर जाऊनही बँकांच्या गृहकर्जांत तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेली खाती हजारांत दोनच्या आसपासच राहिली. अमेरिकेत २००८ साली घरे सामूहिकरीत्या लिलावास निघाली तसे काही कॅनडात घडले नाही, आणि ज्यांनी ते भाकीत वर्षानुवर्षे केले त्यांनी या दंडकाची दखल घेतली नव्हती. म्हणून मी यास कोसळणे म्हणत नाही. कुटुंबांनी पोटास चिमटा घेऊन हप्ते भरले आहेत, आणि बाजार पायरी पायरीने उतरतो आहे.

असा उतार कॅनडास नवा नाही. १९८१ साली पाच वर्षांच्या गृहकर्जाचा जाहीर दर एकवीस टक्क्यांच्या वर गेला होता, हे आज सव्वादोन टक्क्यांच्या मूळ दरावर चर्चा करणाऱ्या पिढीस दंतकथेसारखे वाटेल. त्याहून अधिक उद्बोधक आहे ते १९८९ चे टोरांटो. त्या वर्षी तेथील घराची सरासरी किंमत २ लाख ७३ हजार डॉलर होती. ती १९९६ साली १ लाख ९८ हजारांवर उतरली आणि जुना आकडा पुन्हा दिसण्यास २००२ साल उजाडले. रुपयाप्रमाणेच डॉलरचीही किंमत या काळात घटली हे ध्यानात घेतले, तर खरी भरपाई होण्यास त्याहूनही कितीतरी अधिक वर्षे लागली. शतकभराची प्रतिष्ठा असलेली रॉयल ट्रस्ट ही संस्था १९९३ साली रॉयल बँकेस विकली गेली, ती याच दशकाच्या पडझडीत. पण त्या तेरा वर्षांत टोरांटो उजाड झाले काय? उलट त्याच काळात हाँगकाँग, श्रीलंका आणि भारत येथून आलेल्या असंख्य कुटुंबांनी तेथे आपल्या पगाराच्या आटोक्यातले घर घेतले, मुले शिकविली, आणि ज्या बहुरंगी नगराचा कॅनडा आज अभिमान बाळगतो ते नगर उभे केले. दीर्घ मंदीच्या त्या वर्षांनी नवागतांस जितका आसरा दिला, तितका कोणत्याही सरकारी योजनेने दिला नसेल.

या वेळी मात्र परिस्थितीत एक दुःखद फरक आहे, आणि थंडाव्याचे स्वागत करणाऱ्याने तो लपविता कामा नये. तेजीचा शेवटचा चढ ज्यांच्या खांद्यावरून झाला ते अनेक जण नवागत आणि तरुण होते. १९९६ साली घर घेतलेल्या वृद्ध दांपत्याच्या घराची किंमत आज वीस टक्क्यांनी उतरली, तर त्यांचा कागदावरचा लाभ थोडा कमी होतो. २०२२ च्या फेब्रुवारीत घर घेतलेल्या कुटुंबाच्या घराची किंमत तितकीच उतरली, तर त्याने वर्षानुवर्षे साठवून भरलेली पहिली रक्कम संपूर्ण नाहीशी होते, आणि कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत घर विकूनही न फिटलेले कर्ज बँक त्याच्या अन्य मिळकतीतून वसूल करू शकते. लोकसंख्येचाही येथे संबंध आहे. २०२३ या एका वर्षात कॅनडाची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक वाढली. तिच्यात विद्यार्थी आणि तात्पुरत्या परवान्यावरचे कामगार यांचा मोठा भाग होता, आणि या विद्यार्थ्यांत सर्वाधिक भारतीय होते. ही भाडेकरूंची रीघ कधी आटणार नाही या भरवशावर टोरांटोत लहान लहान कॉन्डो, म्हणजे मालकी हक्काच्या सदनिका, बांधले व विकले गेले. ओंटारियोतील सुमारे चाळीस टक्के कॉन्डो राहण्यासाठी नसून गुंतवणुकीसाठी घेतलेले होते. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात स्थायी रहिवासाचे उद्दिष्टही खाली आणले, आणि २०२५ मध्ये लोकसंख्येची वाढ थांबली. भाडी उतरली, गुंतवणूकदार विकावयास निघाले, आणि जे कॉन्डो कागदावर असताना विकले गेले त्यांचा ताबा घेताना बँकेचे मूल्यांकन करारातील किमतीहून कमी भरते, असा अनुभव पुष्कळांस येऊ लागला.

या ठिकाणी विषय आपल्या दारापर्यंत येतो. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या टोरांटोच्या उपनगरांत मराठी कुटुंबांची वस्ती आता मोठी आहे, आणि पुण्या-ठाण्यातील आईवडिलांनी आपल्या ठेवी मोडून परदेशी रक्कम पाठविण्याच्या मुभेखाली मुलाच्या पहिल्या घरास हातभार लावावा, हेही आता नवलाचे राहिलेले नाही. जमीनजुमल्यातला पैसा कधी बुडत नाही, हा संस्कार आपण बरोबर घेऊन गेलो. तो तेथील दलालांनी आनंदाने दुजोरा देऊन दृढ केला. कर्जाच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आलेल्या अशा कुटुंबास, बाजार थंडावला हे चांगले झाले, असे कोरडेपणाने सांगणे हा उद्धटपणा होईल. पण त्याच कुटुंबाच्या धाकट्या भावास, जो आता तेथे उतरला आहे आणि भाड्याच्या तळघरात राहतो आहे, आठ लाखांचे घर साडेसहा लाखांस मिळणे हे भाग्य आहे. एकाच घरातील दोन भावांपैकी कोणाचे अश्रू सरकारने पुसावेत, या प्रश्नाचे उत्तर किमती वर नेणे हे असूच शकत नाही. कारण थोरल्याचा तोटा भरून काढण्याचा तो मार्ग धाकट्याच्या खिशातून जातो.

राज्यकर्ते नेमके येथेच गोंधळलेले आहेत. मे २०२४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी एका मुलाखतीत, घरांचे मूल्य टिकून राहिले पाहिजे, कारण लोकांच्या निवृत्तीची ती पुंजी आहे, अशा आशयाचे मत मांडले. तरुणांस परवडणारी घरे मिळवून देण्याचे आश्वासन त्याच सरकारने त्याच वर्षी दिले होते. वर्षभराने, मे २०२५ मध्ये, मार्क कार्नी यांच्या मंत्रिमंडळातील नवे गृहनिर्माणमंत्री आणि व्हँकूव्हरचे माजी महापौर ग्रेगर रॉबर्टसन यांस किमती उतरावयास हव्यात काय असे विचारले असता त्यांनी नाही म्हटले आणि पुरवठा वाढविण्याकडे बोट दाखविले. या दोन्ही विधानांतील विसंगती राजकीय चातुर्याने झाकली जात असली तरी गणित तिला झाकू देत नाही. समजा, किमती आहेत तेथेच दहा वर्षे स्थिर राहिल्या आणि लोकांचे उत्पन्न दरसाल तीन टक्क्यांनी वाढत गेले. तर दहा वर्षांच्या शेवटी उत्पन्नाच्या मानाने घर सुमारे एकचतुर्थांशाने स्वस्त झालेले असेल. म्हणजे कोणाचेही नाव न घेता, कोणाचाही कागदी तोटा न होऊ देता घरे परवडण्याजोगी करावयाची झाली तर त्याचा एकमेव मार्ग हा की आजचा थंडावा आणखी एक दशक चालू द्यावा. आणि महागाई जमेस धरली तर तेवढी स्थिरता हासुद्धा मालकाचा तोटाच आहे, फक्त संथ आणि सभ्य.

असे असता सरकारचे प्रत्यक्ष वर्तन उलट दिशेचे आहे. डिसेंबर २०२४ पासून सरकारी विमा मिळणाऱ्या गृहकर्जासाठी घराच्या किमतीची मर्यादा दहा लाखांवरून पंधरा लाखांवर नेली, प्रथमच घर घेणाऱ्यास तीस वर्षांची फेड मंजूर केली. त्यापूर्वी निवृत्तीच्या शिलकीतून घरासाठी काढता येणारी रक्कम ३५ हजारांवरून ६० हजारांवर नेली आणि पहिल्या घरासाठी करमुक्त बचतखाते सुरू केले. या प्रत्येक योजनेचा हेतू शुद्ध आहे आणि प्रत्येकीने तरुणाच्या हातात अधिक पैसे येतात. पण बाजारात घरांची संख्या तीच असताना दहाही इच्छुकांच्या हातात अधिक पैसे दिले, तर ती रक्कम शेवटी विक्रेत्याच्या पदरात जाते, आणि तरुणाकडे उरते ते पाच वर्षे लांबलेले कर्ज.

या मतावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. किमती उतरल्या की बांधकाम थांबते. टोरांटो परिसरात नव्या कॉन्डोंची विक्री गेल्या तीन दशकांतील नीचांकास गेली आहे, आज पाया न घातलेल्या इमारती चार-पाच वर्षांनी उभ्या राहिलेल्या नसतील, आणि त्या वेळी तुटवडा होऊन किमती पुन्हा भडकतील. हे सारे खरे आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणून किमती चढ्या ठेवा, हा खरा नाही. गुंतवणूकदाराच्या लाभाच्या आशेवरच ज्या देशाचे गृहनिर्माण अवलंबून आहे, त्या देशास चढत्या किमती आणि तुटवडा यांपैकी एक संकट निवडण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ते अवलंबित्वच कमी केले पाहिजे. कॅनडास हे अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, सरकारने स्वतंत्र महामंडळ काढून कामगारांसाठी आणि पुढे परतलेल्या सैनिकांसाठी हजारो घरे स्वतः बांधली. सत्तरीच्या दशकात सहकारी गृहसंस्थांस उदार साहाय्य दिले. आणि १९९३ साली तूट भरून काढण्याच्या भरात नव्या सामाजिक गृहनिर्माणातून संघसरकारने अंग काढून घेतले. आज अशा घरांचे प्रमाण एकूण घरांत शेकडा चारांच्या आसपासच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘बिल्ड कॅनडा होम्स’ ही नवी सरकारी संस्था तेरा अब्ज डॉलरांच्या प्रारंभिक भांडवलाने स्थापन झाली. तिने काम करावयाचे असेल तर याहून उत्तम मुहूर्त नाही, कारण गवंडी, सुतार मोकळे आहेत, जमिनीचे भाव उतरलेले आहेत, आणि अडलेल्या प्रकल्पांचे मालक तडजोडीस राजी आहेत. खाजगी बांधकाम मंदावते तेव्हा सार्वजनिक बांधकामाने वेग घ्यावा, हे सूत्र रस्त्यांच्या बाबतीत सर्वमान्य आहे. घरांच्या बाबतीत त्याचा विसर पडण्याचे कारण नाही.

शेवटच्या चढात सापडलेल्या कुटुंबांसाठी काय करावे, याचे उत्तरही किमतीत नसून मुदतीत आहे. ज्याची नोकरी शाबूत आहे पण हप्ता झेपत नाही, त्याची फेड काही वर्षांनी लांबविणे, दंड माफ करणे, आणि त्यास स्वस्त दराच्या दुसऱ्या बँकेकडे विनाअडथळा जाऊ देणे, ही कामे सरकार आणि नियामक करू शकतात. नोव्हेंबर २०२३ च्या गृहकर्ज सनदेने आणि वर्षभराने नियामकाने, कर्जाची रक्कम व मुदत न वाढविता बँक बदलणाऱ्यास ऐपतीची फेरतपासणी माफ केल्याने त्याचा आरंभ झालाही आहे. यापुढचे एक पाऊल म्हणजे बंद पाकिटातील देकारांची पद्धत बदलणे. टोरांटोतील दलालांच्या मंडळाने विक्रीच्या खऱ्या किमती संकेतस्थळांवर दाखविण्यास वर्षानुवर्षे विरोध केला आणि स्पर्धा आयोगाशी चाललेला तो दावा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करून घेण्याचे नाकारल्यावर संपला. ओंटारियोने डिसेंबर २०२३ पासून देकार उघड करण्याची मुभा दिली, पण ती विक्रेत्याच्या इच्छेवर ठेवली, आणि विक्रेता ती स्वेच्छेने कशाला वापरील? बाजार शांत असताना ही मुभा बंधनकारक करणे सोपे आहे. तेजी आल्यावर कोणताही पक्ष तिला हात लावणार नाही.

व्याजदर उतरले आहेत, आणि शुल्कयुद्धाचे मळभ ज्या दिवशी सरेल त्या दिवशी इच्छुकांची रांग पुन्हा लागेल. त्या वेळी अर्थमंत्र्यांवर प्रथम घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक सवलत जाहीर करण्याचा आग्रह होईल, दलालांची संघटना त्यास सुधारणा म्हणेल, आणि ज्या सहासष्ट टक्क्यांची घरे पुन्हा चढू लागतील ते त्या सरकारास मते देतील. यावर उतारा एकच आहे: घरांच्या किमती पुढील दहा वर्षे वाढणार नाहीत आणि हेच आमच्या धोरणाचे यश असेल, असे एका मंत्र्याने संसदेत उभे राहून स्पष्ट शब्दांत सांगणे. कॅनडात हे वाक्य अजून कोणत्याही प्रमुख पक्षाच्या जाहीरनाम्यात आलेले नाही. ते येईपर्यंत परवडणाऱ्या घरांची आश्वासने, कोणत्याही पक्षाने दिली तरी, मतदाराने अर्ध्या किमतीतच स्वीकारावीत.